रकान्यांवाचून दप्तर

सांगलीच्या बाजार आवारात हळदीचे सौदे निघतात, तेव्हा नोंदवही घेऊन बसलेल्या कारकुनास जात, वजन, ओलावा आणि दर इतके रकाने पुरेसे होतात. परंतु त्याच वहीत तासगावचा बेदाणा चढवावयाचा झाल्यास रंग आणि शीतगृह यांचे रकाने नव्याने आखावे लागतात, आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगावचा वाघ्या घेवडा आला की आधीचे निम्मे रकाने रिते राहतात. तक्त्यांत बांधलेल्या डेटाबेसची अडचण हीच आहे. दस्तऐवजाधिष्ठित डेटाबेस प्रत्येक नोंदीस स्वतंत्र कागद मानतो, आणि त्या कागदावर कोणती कलमे असावीत हे ठरविण्याचा अखत्यार त्या नोंदीकडेच सोपवितो.

या वर्गातील काउचडीबीचा आरंभ डेमियन कॅट्झ यांनी 2005 साली केला. आज अपाचे प्रतिष्ठानाकडे असलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिचे वैशिष्ट्य असे की, ज्या एचटीटीपी शिष्टाचाराने ब्राउझर संकेतस्थळाचे पान मागवितो, त्याच शिष्टाचाराने तिच्याशी सर्व व्यवहार होतो. ती संगणकावर बसवून व्यवस्थापकाचा पासवर्ड ठरविल्यावर ब्राउझरमध्ये 127.0.0.1:5984 हा पत्ता लिहिला, की ‘वेलकम’ हा शब्द असलेले एका ओळीचे उत्तर येते. पुढे ‘पुट’ या आज्ञेने कोठार, म्हणजे डेटाबेस, निर्माण करावे, त्याच आज्ञेने त्यात जेसन स्वरूपातील, म्हणजे कलमाचे नाव आणि त्याचे मूल्य जोडीने लिहिलेला, कागद ठेवावा, ‘गेट’ने तो परत मागवावा आणि ‘डिलीट’ने रद्द करावा. कोठाराचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरांतच द्यावे लागते. कागदावरील मजकूर मात्र देवनागरीत खुशाल लिहावा.

नवशिक्याची खरी परीक्षा दुरुस्तीच्या वेळी होते. प्रत्येक कागदास एक आवृत्तिक्रमांक मिळतो, पहिल्या वेळी तो 1 ने आरंभ होतो, आणि दर बदलावयाचा असल्यास चालू आवृत्तिक्रमांक रुजू केल्यावाचून दुरुस्ती मंजूर होत नाही. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी तोच कागद बदललेला असेल, तर 409 हा क्रमांक येऊन अर्ज नामंजूर होतो. एकाने दुसऱ्याचे लिहिणे नकळत पुसू नये, यासाठीच ही तजवीज आहे. मात्र जुन्या आवृत्त्या कायम जतन होतील या भरवशावर राहू नये. डेटाबेस आटोपशीर करण्याच्या प्रक्रियेत त्यांतील मजकूर निघून जातो.

साताऱ्याच्या डोंगरी भागात संपर्क तुटला, किंवा 2019 च्या ऑगस्टसारखा कृष्णेचा पूर सांगलीत शिरला, तरी काउचडीबीतील एकाच कोठाराच्या दोन ठिकाणच्या प्रती आपापल्या जागी काम चालू ठेवू शकतात आणि संपर्क जुळताच परस्परांशी मेळ घालतात. एकच कागद दोहोंकडे वेगळा बदलला गेला असेल, तर एक प्रत पुढे ठेवून दुसरीही राखली जाते. अंतिम निवाडा माणसाने करावयाचा असतो.

ज्यांच्या नोंदींचे रूप वारंवार बदलते, त्यांनी हे दप्तर अवश्य वापरावे. पै-पैच्या जमाखर्चाची खतावणी मात्र रकान्यांच्या डेटाबेसातच ठेवणे शहाणपणाचे ठरेल.