कामातील समाधान : सहकाऱ्याची मुलाखत घेताना

“आपण आपल्या नोकरीत समाधानी आहात का?” असा थेट प्रश्न केला की बहुतेक जण “हो, ठीक चालले आहे,” असे उत्तर देतात. हे उत्तर खोटे नसते. परंतु त्यातून माणसाच्या अनुभवाचा थांग लागत नाही. मग सहकाऱ्याला नेमके विचारावे तरी काय?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या. मत विचारण्याऐवजी त्यांनी प्रसंग विचारले : कामाविषयी अतिशय चांगले वाटले तो प्रसंग कोणता, आणि अतिशय वाईट वाटले तो कोणता? १९५९ साली ‘द मोटिव्हेशन टू वर्क’ या ग्रंथात त्यांनी निष्कर्ष मांडले. आनंदाच्या प्रसंगांत कार्यसिद्धी, कौतुक, जबाबदारी व प्रत्यक्ष काम यांचा उल्लेख अधिक होता. नाराजीच्या प्रसंगांत मात्र कंपनीचे धोरण, वरिष्ठांची देखरेख व कामाची परिस्थिती यांचा. म्हणजेच, नाराजीची कारणे दूर झाली म्हणून समाधान आपोआप येत नाही. म्हणून हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ साली दाखवून दिले की, यशाचे श्रेय स्वतःकडे घेणे आणि अपयशाचा दोष परिस्थितीला देणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळे प्रसंग ऐकल्यावर “त्या वेळी सोबत कोण होते? पुढे काय झाले?” असे उपप्रश्न विचारणे हितावह ठरते.

मुलाखत वरिष्ठांच्या कानाआड, निवांत जागी घ्यावी. ती कशासाठी आहे व कोण वाचणार आहे, हे आरंभीच सांगावे. आपली गाऱ्हाणी मध्ये आणू नयेत. सहकारी थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये; पुष्कळदा खरे उत्तर त्या शांततेनंतरच येते. लिहिलेला मजकूर त्याला वाचून दाखवावा आणि नको असलेले वाक्य बिनतक्रार काढून टाकावे. त्या एका वाक्यावर त्याची रोजीरोटी अवलंबून असू शकते.

कधी बोलता बोलता गंभीर गोष्ट बाहेर येते. एखाद्या भगिनीने लैंगिक छळाविषयी सांगितले, तर तो मुलाखतीचा मजकूर नव्हे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि लेखी तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते. ही माहिती तिला द्यावी. निर्णय मात्र तिचाच असावा.

मुलाखतीचा कागद भरणे सोपे असते. दुसऱ्या दिवशी त्याच सहकाऱ्याने आपल्याशी पूर्वीच्याच विश्वासाने बोलावे, हे अधिक मोलाचे होय.