धुऱ्यावरची वीतभर जमीन

मृगाच्या आधी सोनपेठच्या शिवारात शेवटची पाळी पडते, तेव्हा दोन शेजाऱ्यांचे डोळे धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधालगतच्या तासावर असतात. ट्रॅक्टर धुऱ्याला जरा जास्त घासून गेला की संध्याकाळपर्यंत गावात बातमी होते, अमक्याने तमक्याचा धुरा कोरला. किती कोरला? वीतभर.

या वितीचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. वीत म्हणजे साधारण नऊ इंच. धुरा १०० मीटर लांब धरला तर गेलेली जमीन भरते २३ चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठ्याहूनही कमी. एकरी आठ क्विंटलचा उतारा धरला तर तेवढ्या पट्टीत हंगामाला साडेचार किलो सोयाबीन निघेल. त्यासाठी मोजणीची फी, वकिलाची फी, प्रत्येक तारखेला एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि पुढची वीस वर्षं एकमेकांच्या लग्नकार्याला न जाणं. हा हिशेब भांडणाऱ्यालाही कळतो. समजवायला गेलं तर तो म्हणतो, "सोयाबीनचा सवाल नाही बापू, धुऱ्याचा सवाल हाय."

तो खरं सांगत असतो. भांडणातून त्याला काहीतरी मिळत असतं आणि ते काय, याचा शोध मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनीही घेतला आहे.

झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन अनोळखी माणसं, मधे पैशांचा व्यवहार. पहिल्याने विश्वासाने आपले पैसे दुसऱ्याला दिले की ते चौपट होत. दुसऱ्याने त्यातले निम्मे परत करावेत ही अपेक्षा, पण सगळे दाबून ठेवायलाही तो मोकळा. फसवणूक झाली की पहिल्याला शिक्षा करण्याची संधी मिळे. एका फेरीत तर ही शिक्षा त्याला स्वतःच्या खिशाला चाट लावून द्यावी लागे. तरीही बहुतेकांनी ती दिली. निर्णय घेताना त्यांच्या मेंदूची छायाचित्रं काढली, तेव्हा खोलवरचा स्ट्रायटम नावाचा भाग जागा झालेला दिसला. बक्षीस मिळणार असलं की जो भाग चेततो, तोच. तो ज्यांच्यात जास्त चेतला, ते शिक्षेसाठी जास्त पैसे मोजायलाही तयार झाले. साडेचार किलो सोयाबीनसाठी हजारो रुपये घालवणारा माणूस वेडा नसतो, एवढं तरी यावरून म्हणता येतं.

पण ही छायाचित्रं शिक्षा ठरवतानाची होती. शिक्षा करून झाल्यावर काय वाटतं, हे केविन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली तपासलं. लबाडी करणाऱ्याला धडा शिकवला की बरं वाटेल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना ती संधी मिळाली त्यांचं मन जास्त कडू झालं, कारण तो लबाड माणूस त्यांच्या डोक्यातून जाईना. ज्यांना संधीच मिळाली नाही, ते त्याला विसरून आपल्या कामाला लागले. कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागल्यानंतरही रोज सकाळी आधी धुऱ्यावर जाऊन उभी राहणारी माणसं आमच्या भागात आहेत. हा प्रयोग वाचताना मला तीच दिसत होती.

एकाच गोष्टीची इतकी ओढ आणि तिच्यातून इतका कमी आनंद, हे होतं कसं? मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांना उंदरांवर काम करताना एक धागा सापडला. मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर समोरच्या अन्नाकडे जात नसत, उपाशी मरायची वेळ आली तरी. पण साखरेचं पाणी तोंडात सोडलं की जिभल्या चाटत. म्हणजे गोडी लागत होती, ओढ मात्र गेली होती. हवंसं वाटणं आणि बरं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या वाटा आहेत. भांडण पहिल्या वाटेने येतं. ते माणसाला पहाटे उठवतं, त्याच्या दिवसाला कारण देतं. समाधान ही दुसऱ्या वाटेवरची गोष्ट आहे, आणि या दोन वाटांची गल्लत करूनच आपण भांडणाला समाधान समजतो असं माझं मत आहे.

मग शांततेत समाधान आहे का? इथेही घाईने हो म्हणवत नाही. वर आलेल्याच टिमोथी विल्सन यांनी २०१४ साली काही जणांना पंधरा मिनिटं एका रिकाम्या खोलीत नुसतं बसवलं. खोलीत एक बटण होतं, दाबलं की विजेचा झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसे द्यायलाही तयार आहोत, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी स्वतःला झटका देऊन घेतला. आपल्याकडची वडीलधारी माणसं म्हणतात, रिकामा बसलेला माणूस कळ काढतो. त्यांनी प्रयोग केला नव्हता, पण त्यांनी गावं पाहिली होती.

या दोन टोकांमध्ये काय आहे, त्यासाठी मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांच्या शिबिराकडे जावं लागतं. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. काही दिवस एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही, मग त्यांच्यात सामने लावले. दोन-चार दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळू लागली, राहत्या खोल्यांवर छापे घालू लागली. पण याच काळात प्रत्येक गटाच्या आतली दोस्ती घट्ट झाली. भांडणाची खरी गोडी मला तरी इथे दिसते, समोरच्याला हरवण्यापेक्षा शेजारी उभ्या असलेल्याच्या खांद्यात. पुढे शेरीफ यांनी शिबिराचं पाणी बंद पाडलं. टाकी उंचावर, नळ कोरडे, बिघाड शोधायला दोन्ही गट लागले. मग अडकलेला ट्रक सगळ्यांनी मिळून ओढला. परतताना मुलं एकाच बसमधून जाऊ म्हणाली. या प्रयोगात संशोधकांनीच काड्या टाकल्या, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. आदल्याच वर्षी त्यांचं असंच एक शिबिर फसलं होतं. त्या वेळी मुलांची आधी एकत्र ओळख झाली होती, त्यामुळे कितीही कळ लावली तरी ती एकमेकांवर उठेनात. माझ्या लेखी हा फसलेला प्रयोगही तितकाच मोलाचा आहे.

पाण्याचा हाच खेळ मराठवाड्याने २०१६ च्या उन्हाळ्यात खरोखर पाहिला. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तोच हा उन्हाळा. पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत तीन तालुके होते आणि त्यातला एक परळीपलीकडचा अंबाजोगाई. दोनच वर्षांत ही स्पर्धा ७५ तालुक्यांत पोचली. ऐन वैशाखात टिकाव, फावडी, घमेली घेऊन माणसं समतल चर खोदायला माळावर गेली. निवडणुकीपासून एकमेकांचं तोंड न पाहणारे गटही काही गावांत एकाच चरात उतरले. घमेलं हातोहात पुढे द्यायचं असतं, तेव्हा पुढचा हात कोणत्या पार्टीचा हे विचारायला सवड नसते. कष्ट होते, ऊन होतं, समोर दुष्काळही होता. फक्त हा शत्रू कोणाच्या घरात राहत नव्हता.

शत्रूशिवाय कष्टाची गोडी कशी लागते, हे वारकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दर वर्षी परभणीहून गंगाखेडमार्गे परळीकडे जाते, आमच्या सोनपेठ तालुक्याच्या अगदी शेजारून. पायाला फोड आलेली माणसं चालत असतात आणि चेहऱ्यावर त्रासाचा लवलेश नसतो. अलाहाबादच्या माघमेळ्यात महिनाभर थंडीत राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. गर्दी, गोंगाट, गार पाणी सोसूनही त्यांची तब्येत आणि मन, घरी राहिलेल्यांच्या मानाने अधिक चांगलं असल्याचं त्यांनी नोंदवलं होतं.

सगळ्यांना एका कामाला लावण्याचं हे शहाणपण सरकारी योजनांतही कधीकधी उतरतं. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचं १ ते १० लाखांचं बक्षीस दोन भांडणाऱ्यांना नव्हतं, ते अख्ख्या गावाला होतं. तंटा मिटवणं हे त्यामुळे सगळ्यांचं काम झालं. जानेवारी २०२३ मध्ये आलेली सलोखा योजना तर थेट शेतावरच येते. तुमच्या नावाची जमीन माझ्या ताब्यात आणि माझ्या नावाची तुमच्या, असं निदान बारा वर्षं चाललं असेल, तर अदलाबदलीचा दस्त १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फीत होतो. मुख्य अट, दोघांची संमती. तलाठी पंचनामा करतो, मग नोंदणीच्या कार्यालयात दोघांना कॅमेऱ्यासमोर बसावं लागतं. दस्ताच्या पानावर दोघांचे फोटो आणि अंगठे एकाखाली एक उमटतात.