अंधारात दिसणारी माशी

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे गाव सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर, बालाघाटच्या डोंगरात वसले आहे. उसाच्या हंगामात रात्री या रस्त्यावर उभे राहिलात, तर ट्रॅक्टरच्या मागे उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या संथपणे जाताना दिसतील. दिसतील म्हणण्यापेक्षा, मागून येणाऱ्या मोटारीचा झोत पडला की ट्रॉलीच्या फळीवरची लाल-पांढरी पट्टी एकदम पेटल्यासारखी चमकेल. त्या पट्टीला सगळे जण ‘रेडियम’ म्हणतात. गाडीवर नाव घालून देणारे दुकानही रेडियमचेच. खोलीच्या छताला चिकटवायच्या, अंधारात हिरवट दिसणाऱ्या चांदण्या मिळतात, त्याही रेडियमच्या. आजोबांच्या जुन्या घड्याळाचे काटे रात्री चमकत असत, तेही रेडियमचे!

विद्यार्थी मित्रांनो, या तिन्हींपैकी खरे रेडियम फक्त एकात असू शकते, आणि ते म्हणजे जुने घड्याळ. बाकीच्या दोन वस्तू अगदी वेगळ्या तत्त्वांवर चालतात. त्या कशा, हे समजून घेण्यासाठी थोडे अनपेक्षित उदाहरण घेऊ: पोलीस अधिकारी जवळ बाळगतात ते आखूड नळीचे रिव्हॉल्वर. अंधारात त्याची ‘माशी’ दिसावी म्हणून काय करतात?

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी आली आणि दोघींची वरची कड एका रेषेत आली, म्हणजे नेम बरोबर. लांब बंदुकीत हे काम सोपे असते, आखूड रिव्हॉल्वरमध्ये अवघड. याचे कारण तुमच्या भूमितीच्या पुस्तकात समरूप त्रिकोणांच्या प्रकरणात सापडेल. समजा, माशी आणि खाच यांत १०० मिलिमीटर अंतर आहे आणि माशी खाचेच्या मध्यापासून फक्त १ मिलिमीटर सरकली. तर ७ मीटरवर, म्हणजे ७० पट अंतरावर, चूक ७० मिलिमीटरची होईल. हेच अंतर ५०० मिलिमीटर असते, तर तेवढ्याच सरकण्याने चूक १४ मिलिमीटरच झाली असती. नळी जितकी आखूड, तितकी डोळ्याची आणि हाताची परीक्षा कडक. त्यात रात्र असली आणि माशी काळ्या पोलादाची असली, म्हणजे तर बघायलाच नको.

रात्री आपल्याला नेमके काय दिसते? चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची मोठी यात्रा भरते. त्या रात्री चंद्र डोक्यावर आला की जमिनीवर सुमारे पाव लक्स इतका प्रकाश पडतो. अमावस्येला नुसत्या चांदण्यांचा प्रकाश त्याच्या शेकडो पटींनी कमी असतो. आपल्या दृक्पटलावर दोन प्रकारच्या पेशी आहेत. शंकुपेशी दिवसा काम करतात, रंग आणि बारकावे त्याच टिपतात. दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाही आणि बारीक कडाही नीट कळत नाहीत. शिवाय आपण एखाद्या वस्तूकडे रोखून पाहतो तेव्हा तिची प्रतिमा दृक्पटलाच्या ज्या मध्यबिंदूवर पडते, तेथे दंडपेशी मुळी नसतातच! म्हणून मंद तारा पाहायचा तर आकाशनिरीक्षक त्याच्याकडे किंचित तिरके पाहतात. आता पंचाईत लक्षात आली ना? नेम धरायचा तर माशीकडे रोखून पाहावे लागते, आणि रोखून पाहणारा डोळ्याचा भाग अंधारात जवळजवळ आंधळा असतो. मग उपाय एकच उरतो, माशीनेच प्रकाश द्यावा.

यासाठी ट्रॉलीची पट्टी चालेल का? नाही. त्या पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा चिमुकले लोलक असतात. ते आलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणून झोत टाकणाऱ्या मोटारीच्या चालकाला पट्टी लखलखीत दिसते, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ती साधीच दिसते. हा प्रयोग तुम्ही करून पाहा. बॅटरी कपाळाजवळ धरून पट्टीवर झोत टाका. मग तीच बॅटरी मित्राच्या हाती देऊन त्याला चार पावले बाजूला उभे करा. प्रकाश तितकाच आहे, पण पट्टी मंदावेल. तिच्याजवळ स्वतःचा प्रकाश काहीच नाही.

छताच्या चांदण्यांचे तसे नाही. त्या प्रकाश आधी साठवतात आणि मग सावकाश सोडतात. याला स्फुरदीप्ती म्हणतात. पूर्वी यासाठी तांब्याचा अंश मिसळलेले झिंक सल्फाइड वापरत, पण ते लवकर मंदावे. १९९३ साली जपानमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोशियम यांचा अंश असलेल्या स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा शोध लागला. ते रात्रभर मंद चमकत राहते. तरीही ते उसने तेज आहे. रिव्हॉल्वर दिवसभर चामड्याच्या म्यानात बंद असते, तेथे त्याला प्रकाश कोण पाजणार?

तेव्हा हवा आहे तो न उसना, न परावर्तित असा, स्वतःचा प्रकाश. आणि येथे खऱ्या रेडियमची गोष्ट येते. मेरी आणि प्येर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधले. त्याच्यातून बाहेर पडणारे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळले की त्यातून प्रकाश निघतो. या दोहोंचा रंग करून पहिल्या महायुद्धाच्या काळात घड्याळे, विमानांतील उपकरणे आणि बंदुकांच्या माश्याही रंगवल्या गेल्या. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज गावच्या कारखान्यात हे काम तरुण मुली करत. बारीक आकडे रंगवायचे, म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करायला त्यांना शिकवले होते. प्रत्येक वेळी थोडे रेडियम पोटात जाई. पुढे त्यांचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजली, कित्येक जणी दगावल्या. १९२८ मध्ये पाच जणींचा खटला गाजला आणि तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली.

पण रेडियम हाडांतच का जाऊन बसले? येरमाळ्याच्या यात्रेत भाविक चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. त्या खड्यांत कॅल्शियम आहे, आपल्या हाडांतही कॅल्शियमच आहे. आता वर्गातला आवर्त सारणीचा तक्ता पाहा. कॅल्शियमच्या खाली स्ट्रॉन्शियम, त्याखाली बेरियम आणि सर्वांत खाली रेडियम. एका उभ्या ओळीतली मूलद्रव्ये रासायनिक वागणुकीत सारखी असतात. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून फसते आणि हाडात बसवते. तेथे ते वर्षानुवर्षे अल्फा कणांचा मारा करत राहते, कारण त्याचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षांचा आहे. जुन्या घड्याळाचे काटे आज चमकत नाहीत ते रेडियम संपले म्हणून नव्हे. माऱ्याने झिंक सल्फाइड निकामी झाले म्हणून. रेडियम जवळजवळ होते तेवढेच आहे. असे घड्याळ घरी सापडले तर ते उघडू किंवा खरवडू नका.

आजच्या रात्रीच्या माशीत रेडियम नसते. तेथे ट्रिटियम असते. हे हायड्रोजनचेच भावंड: केंद्रात एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. रदरफोर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी १९३४ मध्ये केंब्रिज येथे ते ओळखले. जड पाण्यातील ड्यूटेरियमने एक न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम तयार होते. म्हणजे ट्रॉम्बे येथे १९६० ते २०१० या काळात चाललेली सायरस अणुभट्टी असो किंवा तारापूरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या भट्ट्या असोत, जेथे जड पाणी वापरतात तेथे थोडे ट्रिटियम निर्माण होतेच.

ट्रिटियमचा अणू फुटताना एक बीटा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो आणि अणूचे हेलियम–३ होते. या इलेक्ट्रॉनची ऊर्जा फारच तुटपुंजी असते, सरासरी ५७०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हवेत तो काही मिलिमीटरच जातो. काच त्याला अडवते, आपल्या त्वचेचा वरचा मृत थरसुद्धा अडवतो. नळीच्या आतल्या बाजूला लावलेल्या प्रकाशक भुकटीला मात्र तेवढी ऊर्जा पुरते. हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनला साधारण २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सगळी ऊर्जा प्रकाशात बदलली असती, तर एका इलेक्ट्रॉनमागे दोन हजारांहून अधिक फोटॉन मिळाले असते. प्रत्यक्षात त्याचा काही अंशच पदरात पडतो.

माशीत बसवायची काचेची नळी तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते. तिच्यात १० मिलिक्युरी ट्रिटियम असेल, तर दर सेकंदाला ३७ कोटी अणू फुटतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण शक्ती काढून पाहा: एका मायक्रोवॅटचा जेमतेम एक तृतीयांश! ३ वॅटची बॅटरी याच्या सुमारे ९० लाख पट शक्ती घेते. तरी काळोखाला सरावलेल्या डोळ्याला हा ठिपका स्पष्ट दिसतो. हिरवा रंगही जाणूनबुजून निवडलेला आहे, कारण आपला डोळा हिरव्याच्या आसपासच सर्वांत संवेदनशील असतो. येरमाळ्याचा मे महिना असो की थंडीची पहाट, अणू फुटण्याचा वेग तोच. ना विजेचा घट, ना बटन.

रिव्हॉल्वर झाडले की जबर धक्का बसतो, म्हणून ही नळी पोलादी खोळीत मऊ गादीवर बसवतात आणि तोंडाला बहुधा कृत्रिम नीलमण्याची पारदर्शक चकती लावतात. ठिपक्याचे तोंड डोळ्याच्या बाजूला असते, समोरच्याला तो दिसत नाही. आखूड रिव्हॉल्वरची खरी अडचण वेगळीच आहे. पिस्तुलाच्या मागच्या खाचेलाही दोन ठिपके लावता येतात, पण अशा बहुतेक रिव्हॉल्वरांत मागची खाच म्हणजे चौकटीच्या माथ्यावर कोरलेली नुसती चर असते. तेथे दिवे लावायला जागाच नाही. काहींची माशीही नळीचाच अखंड भाग असते. ती यंत्रावर कातून नवी बसवावी लागते. उंच माशी चालत नाही, कारण शस्त्र म्यानातून काढताना ती अडकते. म्हणून बहुधा पुढे एकच ठिपका असतो. पण नुसता ठिपका दिसला आणि खाच दिसली नाही, तर माशी खाचेच्या वर गेल्याचे कळत नाही. २ मिलिमीटर वर गेली की ७ मीटरवर गोळी १४० मिलिमीटर उंच जाते. आम्हाला विचाराल तर एकट्या ठिपक्याने अर्धेच काम होते.

उरलेले अर्धे तर त्याहून मोठे आहे. माशी दिसली म्हणजे समोर उभा माणूस कोण, हे दिसले असे नव्हे. ट्रिटियमचा ठिपका समोरच्या चेहऱ्यावर कणभरही उजेड पाडत नाही. तो चोर आहे की रात्री पाणी प्यायला उठलेला घरचाच कोणी, हे ओळखायला बॅटरीच हवी, आणि ओळखल्याखेरीज चाप ओढायचा नसतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे रिव्हॉल्वर बाळगायला परवाना लागतोच, ते दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही लागतो. किरणोत्सर्गी द्रव्यांवरही कायद्याचे नियंत्रण आहे. तेव्हा हे घरच्या टेबलावर करून पाहण्याचे काम नव्हे.

नळी फुटली तर? ट्रिटियम वायुरूप असल्याने पसरून विरळ होते, आणि वायूच्या रूपात शरीर ते फारसे शोषत नाही. ते पाण्याच्या रूपात गेले तर मात्र शरीरातील पाण्यात मिसळते. सुमारे १० दिवसांनी त्यातले निम्मे बाहेर पडते. म्हणून खिडक्या उघडाव्यात, काचांना उघडा हात लावू नये.

ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे आहे. २००० साली भरलेल्या नळीत २०१२ च्या सुमारास निम्मे आणि २०२५ च्या सुमारास पाव भाग उरले. ते २०३७ मध्ये किती असेल, हे तुम्हीच काढा. मात्र तेज निम्मे झाले तरी डोळ्याला ते निम्मे वाटत नाही, कारण आपला डोळा प्रकाश मोजताना बेरीज-वजाबाकीने नव्हे, पटीने मोजतो. त्यामुळे वापरणाऱ्याला माशी मंदावल्याचे बरेच उशिरा कळते.