नको असलेले बिऱ्हाड



संगणकाच्या पडद्यावरचे एखादे चित्र नकोसे झाले की आपण ते डिलीट करतो आणि प्रोग्रॅम गेला, अशा समाधानात राहतो. वस्तुतः आपण काढली ती दारावरची पाटी. भाडेकरू घरातच असतो. प्रोग्रॅम जेव्हा यंत्रात येतो तेव्हा त्याचे सामान एका खोलीत मावत नाही. मुख्य फायली एकीकडे, आपल्या आवडीनिवडींची नोंद दुसरीकडे, आणि विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या खातेवहीत त्याच्या नावाचे उतारे. म्हणून त्याला घालवायचे ते सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत जाऊन, तेथील अनइन्स्टॉलच्या मार्गाने. सामान कोठे ठेवले याची टिपणे त्या मार्गालाच ठाऊक असतात. तरीही थोडा केरकचरा मागे राहतोच. त्याने सहसा काही बिघडत नाही, आणि तो झाडण्यासाठी रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नये.

विंडोजची जी अंगभूत अंगे आहेत त्यांची गोष्ट वेगळी. आपल्या धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरात ठेवलेली समई उचलून नेता येईल. भिंतीतली शिळा उपसता येणार नाही. अशा अंगांसाठी खुणा करण्याची निराळी यादी असते. तेथील खूण काढली म्हणजे ते अंग निजते. बहुधा त्याच्या फायली डिस्कवरच राहतात, त्यामुळे जागा फारशी मोकळी होत नाही. मात्र पुन्हा जागे करणे सोपे असते.

निजलेले अंग म्हणजे काय, हे मराठी माणसाने चांगलेच अनुभवले आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय मुळातच होती, पण निजलेली! प्रादेशिक भाषांच्या पानावर एका चौकोनात खूण करावी, विंडोजची सीडी घालावी, यंत्र पुन्हा सुरू करावे, तेव्हा कोठे जोडाक्षरे जुळत. कित्येकांनी ती खूण कधी पाहिलीच नाही, आणि आपल्या संगणकाला मराठी येत नाही असे धरून चालले.

आता माझ्या एका टंकलेखक स्नेह्याची फजिती सांगतो. यंत्र मंद झाले म्हणून त्याने जुना मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम काढून टाकला. दुसऱ्या दिवशी दहा वर्षांचे अर्ज, करारनामे, लग्नपत्रिका उघडून पाहतो तो सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा भुसा! बिचाऱ्याला वाटले, सारे पुसले गेले. पुसले काहीच नव्हते. जुन्या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेले नसते; इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो, आणि फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. प्रोग्रॅमबरोबर फॉन्ट गेला आणि रूप उतरले. तोच फॉन्ट परत बसवताच मजकूर जसाच्या तसा दिसू लागला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे, देवनागरीचा कोणताही योग्य फॉन्ट असला की भागते.

तेव्हा ज्यांच्या घरी अथवा दुकानात असे जुने प्रोग्रॅम असतील, त्यांनी ते काढण्यापूर्वी कागद युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत, फॉन्टची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि बदललेली एखादी फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावी. जोडाक्षरे आणि रफार विशेष तपासावेत. बदलताना बहुधा तेच चुकतात.