फासा कुणाचाही सोयरा नाही

रविवारची संध्याकाळ होती. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही वर्गणीचा हिशेब जुळवीत बसलो होतो. बाहेर एकाएकी आवाज चढले. उठून पाहतो तो दोन मुले एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याच्या बेतात. एक अकरावीत शिकणारा, दुसरा पोलीस भरतीची तयारी करणारा. दोघेही एरवी शहाणी मुले. भांडणाचे कारण विचारले, तर मोबाइलवरचा खेळ!

खेळात पैसे लावलेले नाहीत ना, हे आम्ही आधी विचारून घेतले. नव्हते. जगाच्या नकाशावर आपापल्या पलटणी मांडायच्या आणि एकमेकांचे देश जिंकायचे, असा तो युद्धाचा खेळ. लढाईचा निकाल फाशांवर. फासे मात्र हातात नाहीत, ते मोबाइलच टाकतो.

"काका, माझ्या आठ पलटणी होत्या, याच्या तीनच. तरी माझ्या सहा गेल्या आणि याची एकही नाही! हा मोबाइल चीटिंग करतो, नाहीतर यानंच काहीतरी केलंय," भरतीवाला मुलगा म्हणाला. अकरावीतला शपथा घेऊ लागला. मग पहिला खाली मान घालून पुटपुटला, "नाहीतर मग माझं नशीबच फुटकं."

आम्हाला खटकले ते हे शेवटचे वाक्य. ते त्याचे स्वतःचे नव्हतेच. मागच्या भरतीत लेखी परीक्षेत तो दोन गुणांनी राहिला, तेव्हापासून त्याच्या घरी हे वाक्य रोज बोलले जात होते. त्याच्या आईने त्याच्यासाठी खड्याची अंगठी करायचे ठरवून पैसे बाजूला काढले आहेत, हेही आमच्या कानावर आले होते. म्हणजे खेळातले भांडण वरवरचे होते. दुखणे निराळेच होते.

भाषण देऊन असली दुखणी बरी होत नाहीत, हे आम्ही इतक्या वर्षांच्या कामात शिकलो आहोत. आम्ही पडलो कारकून. आमच्यापाशी एकच औषध, वही. आम्ही दोघांना बसवले आणि म्हणालो, "आधी नियम सांगा. मग हिशेब करू."

लढाईचा हिशेब

मुलांनी सांगितलेले नियम 'रिस्क' या खेळाचे निघाले. हा खेळ आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाने तयार केला आणि तो १९५७ साली फ्रान्समध्ये बाजारात आला. आता तो मोबाइलवरही खेळतात. हल्ला करणारा जास्तीत जास्त तीन फासे टाकतो, बचाव करणारा जास्तीत जास्त दोन. दोघांचे सर्वांत मोठे आकडे समोरासमोर ठेवायचे, मग त्याखालचे. ज्याचा आकडा लहान त्याची एक पलटण बाद. आकडे सारखे आले तर जय बचाव करणाऱ्याचा.

या शेवटच्या नियमात खरी मेख आहे. दोघांनी एकेकच फासा टाकला तर एकंदर ३६ शक्यता होतात. त्यांपैकी १५ वेळा हल्ला करणारा जिंकतो आणि २१ वेळा बचाव करणारा. बरोबरीच्या सहाही शक्यता बचाव करणाऱ्याच्या पदरात पडतात.

तीन विरुद्ध दोन फाशांत एकंदर ७,७७६ शक्यता. पैकी २,८९० वेळा बचाव करणाऱ्याच्या दोन पलटणी जातात. २,२७५ वेळा हल्ला करणाऱ्याच्या दोन जातात. उरलेल्या २,६११ वेळा दोघांची एकेक. म्हणजे शंभर फेका झाल्या तर हल्ला करणारा सरासरी ९२ पलटणी गमावील आणि बचाव करणारा १०८. हल्ल्याला फायदा आहे, पण तो इतकाच. मुलाच्या मनात आठ विरुद्ध तीन म्हणजे विजय ठरलेलाच होता. लढाईत नुकसान सोसण्याची ताकद आठ पलटणींमुळे वाढते हे खरे, पण प्रत्येक फेकीला पुढे येतात ते तीनच फासे.

आता त्याची तक्रार पाहू. लागोपाठ तीन फेकांत दोन-दोन करून सहा पलटणी गेल्या. एका फेकीत दोन्ही जाण्याची शक्यता शेकडा २९ च्या थोडी वर. ते तीनदा लागोपाठ घडण्याची शक्यता सुमारे चाळिसात एक. चाळिसात एक म्हणजे अशक्य नव्हे. जो मुलगा दिवसाला वीस लढाया लढतो, त्याच्या वाट्याला असा प्रकार दोन-तीन दिवसांत एकदा यायचाच. तो आला म्हणून कोणी फसवले असे होत नाही.

पण कागदावरच्या आकड्यांनी मन वळत नाही. म्हणून लुडोच्या आणि सापशिडीच्या डब्यांतून पाच फासे गोळा केले. एकाने टाकायचे, दुसऱ्याने वहीत लिहायचे, पन्नास फेकांनंतर अदलाबदल. तीन संध्याकाळी हा उद्योग चालला. पहिल्या पन्नासांत आकडे वेडेवाकडे होते. तीनशेच्या पुढे गेल्यावर ते गणिताच्या बरेच जवळ आले. आणि मुख्य म्हणजे, लागोपाठ तीनदा दोन-दोन पलटणी जाण्याचा प्रकार वहीतही सापडला. त्या वेळी फासे टाकीत होता तक्रार करणारा मुलगाच, आणि तेही स्वतःच्या हाताने! तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला.

यंत्र फासा कसे टाकते?

वाचक विचारतील, हातातला फासा दिसतो, मोबाइलमधला कोणी पाहिला? शंका रास्त आहे. संगणकाला हात नसतात. तो सुरुवातीला एक आकडा 'बीज' म्हणून घेतो आणि त्यावर ठरलेली गणिते करीत आकड्यांची लांबच लांब मालिका काढतो. बीज तेच असेल तर मालिकाही तीच निघते. पण बीज ठाऊक नसलेल्याला पुढचा आकडा सहसा ओळखता येत नाही. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या दोन जपानी गणितज्ञांनी १९९८ साली अशीच एक रीत प्रसिद्ध केली. तिचे नाव 'मर्सेन ट्विस्टर'. तिची मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्यापूर्वी जितके आकडे निघतात, ती संख्या लिहायलाच सहा हजारांहून जास्त अंक लागतात. त्याच वर्षी आयर्लंडमधील डब्लिन येथे 'रँडम डॉट ऑर्ग' ही सेवा सुरू झाली. वातावरणातील रेडिओच्या खरखरीतून ती आकडे काढते.

तरीही खेळणाऱ्यांचे समाधान होत नाही. 'गेम्सबायईमेल' हे संकेतस्थळ ईमेलवरून युद्धाचे आणि फाशांचे खेळ चालवी. फासे खोटे पडतात अशा तक्रारी तेथे सारख्या येत. चालकाने संगणकाच्या निरनिराळ्या रीती वापरून पाहिल्या, तक्रारी थांबेनात. अखेर २००९ साली त्याने सात फूट उंचीचे यंत्रच उभारले. खालच्या पेटीतले खरेखुरे फासे छोट्या बादल्यांच्या पट्ट्यावरून वर चढतात, वाटेत कॅमेरा त्यांचे ठिपके वाचतो, वर पोचल्यावर ते उतरणीवरून गडगडत पुन्हा खाली येतात. दिवसाला तेरा लाखांहून अधिक फेका करण्याची त्याची ताकद. माणसाच्या मनातला संशय फेडण्यासाठी केवढा हा खटाटोप!

संशय यंत्रात की मनात?

'सिव्हिलायझेशन' या गाजलेल्या युद्धखेळाचे जनक सिड मायर यांनी २०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथे खेळ तयार करणाऱ्यांच्या परिषदेत आपला अनुभव सांगितला. आपली ताकद समोरच्याच्या तिप्पट असताना खेळाडू हरला, तर तो चिडतो आणि खेळ चुकीचा आहे म्हणतो. वास्तविक तीनास एक या प्रमाणात चार वेळांत एकदा हार यायलाच हवी. पण तोच खेळाडू ताकद एक तृतीयांश असताना जिंकला, तर चकार शब्द काढीत नाही. अशा लोकांच्या समाधानासाठी मायर यांना खेळातला हिशेब थोडा वाकवावा लागला. आज काही ऑनलाइन खेळांत 'खरा योगायोग' आणि 'समतोल' असे दोन पर्याय असतात, त्याचे मूळ यातच आहे. गंमत पाहा, माणसाला जे न्याय्य वाटते ते पुष्कळदा मुद्दाम वाकवलेले असते, आणि जे खरोखर न्याय्य असते तेच त्याला खोटे वाटते!

आम्ही त्या मुलाला विचारले, "तू थोड्या पलटणींनिशी जिंकलास असं कधी झालं का?" तो आठवू लागला. अकरावीतला लगेच म्हणाला, "परवाच! एका पलटणीनं यानं माझ्या तीन अडवल्या." भरतीवाल्या मुलाच्या लक्षात तो प्रसंग राहिलाच नव्हता. हार मनात घर करते आणि अनपेक्षित जीत आपण आपल्या हुशारीच्या खात्यात जमा करतो. नावे आणि जमा या दोन्ही बाजू लिहिल्याखेरीज ताळेबंद होत नाही, हे आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. माणसे नशिबाची वही लिहितात, ती मात्र नेहमी एकाच बाजूची.

फासा वाकवला तेव्हा

युद्धाच्या खेळात फासा आला तो काही करमणुकीसाठी नव्हे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. कोणत्या माऱ्यात किती सैनिक पडले हे त्यात फाशांवर ठरे. रणांगणावर सगळे योजनेप्रमाणे घडत नाही, हे सेनापतींना आधीच कळावे हा हेतू. पुढे १८७६ मध्ये फोन वेर्दी द्यू व्हेर्न्वा या प्रशियाच्याच अधिकाऱ्याने फासे बाजूला ठेवले आणि अनुभवी पंचानेच निकाल द्यावा अशी रीत मांडली. तीत खेळ भराभर चाले. पण पंच हा माणूस. त्याच्यावर वरिष्ठ असतात. फाशावर कोणी वरिष्ठ नसतो. त्याला हुद्दा कळत नाही, घराणे कळत नाही, जात तर नाहीच नाही.

याचा दाखला जपानी आरमाराने दिला. मे १९४२ मध्ये 'यामातो' या युद्धनौकेवर मिडवे बेटावरील मोहिमेची तालीम झाली. अमेरिकन विमानांच्या हल्ल्याचा निकाल पंचाने फासे टाकून काढला. नऊ बॉम्ब लागले, 'आकागी' आणि 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. वरिष्ठ अधिकारी उगाकी यांना हे पटले नाही. त्यांनी नवाचे तीन करवले. 'आकागी' किरकोळ जखमी ठरली, आणि बुडालेली 'कागा'ही पुढच्या तालमीत पुन्हा तरंगू लागली. तेथे हजर असलेल्या अधिकाऱ्यांनीच पुढे हे पुस्तकात लिहून ठेवले आहे. महिनाभराने, जून १९४२ मध्ये, खरी लढाई झाली. जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. त्यांत 'आकागी' होती आणि 'कागा'ही होती.

फाशाला भविष्य दिसले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. फाशाने एवढेच सांगितले होते की असेही घडू शकते, तयारी ठेवा. ज्यांना ते ऐकायचे नव्हते त्यांनी आकडा बदलला. खरे तर बदलायला हवी होती योजना.

पालकांसाठी दोन शब्द

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फाशांवर लढाई ठरवणे वेगळे आणि फाशांवर पैसा लावणे वेगळे. भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थपुत्राला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याचे वैरी वाढतात, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, असलेली संपत्ती जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि कोणी मुलगी देत नाही. आजही त्यांतला एकही तोटा कमी झालेला नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे. तरी मुलगा काय खेळतो ते त्याच्याजवळ बसून पाहावे. खेळ फुकट असला तरी आत 'लूट बॉक्स' नावाच्या बंद पेट्या विकत मिळतात. काय निघेल ते ठाऊक नाही, पैसे मात्र आधी द्यायचे. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्या जुगारातच धरल्या. मुलाने पैसे मागितले तर रागावण्याआधी विचारावे, "त्या पेटीत हवी ती वस्तू कितीत एकदा निघते?" त्याला उत्तर देता आले नाही तर पैसे देऊ नयेत.

राहता राहिली ती वही. तिसऱ्या संध्याकाळी भरतीवाल्या मुलाने ती घरी नेली. दोन दिवसांनी त्याची आई रस्त्यात भेटली. म्हणाली, "भाऊ, पोरगं मला रात्री फासे टाकायला लावतं, अन् स्वतः लिहीत बसतं. म्हणतं, आई, बघ, हे सगळ्यांना सारखंच पडतं."

आम्ही तिला एवढेच सांगितले, "वहिनी, तो दोन गुणांनी राहिला तो फाशामुळे नव्हे. परीक्षेत थोडाफार योगायोग असतो, नाही असे नाही. पण लढाईत पलटणी वाढवता येतात तसे अभ्यासाने गुण वाढवता येतात. अंगठीने फासा बदलत नाही."

ती काही बोलली नाही. अंगठीच्या पैशांचे काय झाले हे आम्हीही विचारले नाही. मागच्या आठवड्यात मुलगा अभ्यासिकेत आला, तेव्हा त्याच्या हातात अंकगणिताचे नवे पुस्तक होते. शेजारी अकरावीतला बसला होता. दोघांच्या मधे तीच वही होती, आणि तिच्या मागच्या पानांवर सराव परीक्षेचे गुण तारीखवार लिहायला सुरुवात झाली होती.