एका हातावर अख्खा सीझन: ‘ओल्ड हॉस’ रॅडबर्न

आज बेसबॉल. थांबा, लगेच स्किप करू नका. पिचर म्हणजे आपला बॉलर, एवढं धरून चाला, बाकीचं मी सांगतो.

चार्ल्स रॅडबर्न. जन्म १८५४, वाढला इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला. आधी खाटकाचं काम करायचा, मग प्रॉव्हिडन्स ग्रेज या क्लबचा पिचर झाला. टोपणनाव ‘ओल्ड हॉस’, म्हणजे म्हातारा घोडा.

१८८४ चा जुलै. टीमचा दुसरा पिचर चार्ली स्वीनी, तरुण आणि जबरदस्त. दोघांचं अजिबात पटायचं नाही. रॅडबर्न तर मॅनेजरशी भांडून सस्पेंड होऊन बसलेला. त्यात २२ जुलैला चालू मॅचमध्ये स्वीनीला बॉल दुसऱ्याला द्यायला सांगितलं, तर हा पठ्ठ्या मैदान सोडून निघूनच गेला! क्लबनं त्याला हाकललं. आता पिचरच नाही. क्लब बंद करायची भाषा सुरू झाली.

तेव्हा रॅडबर्न म्हणाला, उरलेल्या मॅचेस मी टाकतो. पण पगार वाढवा, आणि सीझन संपला की मला ‘रिझर्व्ह’मधून सोडा.

हे रिझर्व्ह काय? क्लब आपल्या खेळाडूंची यादी करायचा आणि यादीतल्या माणसाला दुसरा कुठलाच क्लब घ्यायचा नाही. वर्ष संपलं तरी सुटका नाही. आयपीएलमधलं रिटेन्शन आठवलं ना? फक्त इथं ऑक्शन कधी यायचंच नाही.

मग तो टाकतच राहिला, जवळपास रोज. त्या सीझनला ७३ मॅचेस त्यानं सुरू केल्या आणि ७३ च्या ७३ स्वतः संपवल्या. ६७८ इनिंग्ज, म्हणजे दोन हजारांवर आऊट! आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. जिंकल्या ५९, काहीजण ६० मोजतात, एका मॅचचं श्रेय कुणाचं यावरून अजून वाद आहे. सकाळी केस विंचरायला हात वर जायचा नाही, असं सांगतात. ग्रेज चॅम्पियन झाले. मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सविरुद्धच्या तिन्ही मॅचेसही यानंच टाकल्या, तिन्ही जिंकल्या.

आणि एवढं करून मिळवलेल्या सुटकेचं काय केलं? गडी पगारवाढ घेऊन प्रॉव्हिडन्सलाच राहिला. १८८५ चा सीझन संपला आणि क्लबच बंद पडला.