प्रथिनं महाग नाहीत, डबा महाग आहे

पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींकडून एक वाक्य सारखं ऐकू येतं : "मेसच्या जेवणात प्रोटीन कुठलं? पावडर घ्यावीच लागते." मग घरून आलेल्या पैशांतून, सकाळच्या नाश्त्याला काट मारून, पावडरचा डबा येतो. तेवढ्या पैशांत जवळजवळ महिन्याची मेस निघते. या वाक्यापायी पोरं उपाशी अभ्यासाला बसतात, म्हणून त्याचा राग येतो.

गैरसमज : प्रथिनांसाठी पावडर हवीच.

वस्तुस्थिती : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे ५५ किलोच्या विद्यार्थ्याला साधारण ४६ ग्रॅम. याच संस्थेच्या २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळा, असा सल्ला आहे.

आता ताट मोजू. दोन्ही वेळच्या मिळून सहा पोळ्या : सुमारे १८ ग्रॅम. दोन्ही वेळचा भात : सात-आठ. दोन वाट्या वरण : आठेक. झाले ३४. मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत सात ग्रॅम, तेवढ्याच फुटाण्यांत सहा. हिशेब पुरा झाला, आणि दाणे-फुटाण्यांना गॅसही लागत नाही.

मेसचं वरण पातळ असतं, ही तक्रार मात्र खरी आहे. तिथे प्रथिनं खरोखर कमी पडतात. त्यावर उपाय म्हणजे उसळ असेल त्या दिवशी दुसरी वाटी मागून घेणं. खोलीत शिजवायची सोय असेल तर सोयाबीनच्या वड्या आणा; कोरड्या वड्यांच्या वजनात निम्मी प्रथिनंच असतात.

"डाळीतली प्रथिनं अर्धवट असतात," असंही सांगितलं जातं. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. वरण-भात आणि उसळ-भाकरी हेच तर करतात!

आणखी काही समज, थोडक्यात :

बदामाशिवाय पोषण नाही. वजनाला वजन धरलं तर शेंगदाण्यात प्रथिनं बदामाहून कमी नाहीत. फक्त बुरशी आलेले, कडवट दाणे टाकून द्या. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं.

अंड्यातला पिवळा बलक फेकावा. अंड्यातली सुमारे ४० टक्के प्रथिनं बलकातच असतात. निरोगी तरुणाने तो फेकणं म्हणजे विकत घेतलेलं अन्न वाया घालवणं.

फळ म्हणजे सफरचंद. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं, सफरचंदात जेमतेम चार-पाच.

वरण-पोळीवर सगळंच भागतं. नाही. ब१२ जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. दूध, दही, ताक किंवा अंडं जेवणात नियमित हवंच.

नाश्ता सोडला की पैसे वाचतात. अकरा वाजता पोटात कावळे ओरडले की तेच पैसे वडापाव आणि चहावर जातात.

पुढच्या महिन्याचे पैसे आले की आधी मेस भरा, मग दाणे, फुटाणे, अंडी किंवा दही आणि हंगामातलं स्वस्त फळ घ्या. उरलेल्या पैशांची पुस्तकं घ्या.